१९७९ ची बुलेट ३५०, किक जाम, बजेट ४० हजार: घरच्या घरी कशी उभी करावी?

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. आजोबांच्या नावावरची बुलेट ३५० (१९७९, ६ व्होल्ट, पॉइंटवाली म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट होणारे संपर्क असलेली) पंचवटीतल्या घराच्या पडवीत पंधराएक वर्षं उभी आहे. आजोबा आता नाहीत. गाडीची अवस्था अशी: किक जराही खाली जात नाही. ऑइल काळं आणि दाट झालंय. पेट्रोलच्या टाकीत आतून गंज आहे, बाहेरून पोचे नाहीत. रिमचा क्रोम उडालाय, टायर तडकलेत, मागचं मडगार्ड खालच्या कडेला सडलंय, वायरिंग उंदरांनी कुरतडलंय. कार्ब्युरेटर मिक्कार्ब आहे. आरसी बुक जुनं कागदी आहे आणि चेसी नंबर स्वच्छ वाचता येतो.

घरी पाना सेट, बेंच व्हाइस, फिलर गेज आणि मल्टिमीटर आहे. लेथ, बोरिंग, वेल्डिंग बाहेरून करावं लागेल. कागदपत्रांचा खर्च वेगळा धरून बजेट ४० हजार. शोरूमसारखी चमक नको, त्र्यंबकला जाऊन निर्धास्त परत येता आलं पाहिजे. सुरुवात कुठून करू? फ्रेम आधी पावडर कोटिंगला द्यावी असं एकाने सुचवलंय. टाकी घरी साफ होते का? आणि ६ व्होल्टचं १२ करायचं का?

---

सातपूर_लेथ

रंग सगळ्यात शेवटी. घरी काढलेल्या गाड्या अर्ध्यावर राहतात त्या बहुतेक एकाच कारणाने. गाडी पहिल्याच आठवड्यात शेवटच्या नटापर्यंत सुटते, पैसे दिसणाऱ्या भागावर संपतात आणि इंजिन गोणीत पडून राहतं. तुमचा क्रम असा हवा: इंजिन फिरलं पाहिजे, मग त्यात ऑइल फिरलं पाहिजे, मग ब्रेक लागला पाहिजे. गाडी जुन्याच रंगात, जुन्याच फ्रेममध्ये एकदा सुरू होऊन गल्लीतून फिरून येऊ दे. त्यानंतर काय काय उघडायचं ते कळतं, आणि तेवढंच उघडायचं.

किकवर उभे राहू नका. जोर लावला की किकचं रॅचेट किंवा गिअरबॉक्सचं कव्हर तुटतं आणि नवा खर्च उभा राहतो. आधी नक्की काय जाम आहे ते शोधा. गाडी न्यूट्रलला घ्या, क्लच पूर्ण दाबून धरा आणि किक हाताने दाबा. खाली गेली तर गिअरबॉक्स ठीक आहे, इंजिन धरलंय. नाही गेली तर रॅचेट अडकलंय किंवा क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्यात. पंधरा वर्षं उभ्या गाडीत प्लेटा चिकटतातच. मग डावीकडचं प्रायमरी कव्हर काढा, ते मधल्या एकाच नटावर असतं. खाली ट्रे ठेवा. आत अल्टरनेटरच्या रोटरचा नट दिसेल, त्यावर पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करून बघा. इथेही हललं नाही तर सिलेंडरमध्ये रिंगा गंजल्या, असं धरून चला.

प्लग काढून भोकातून साधारण ५० मिली मिश्रण सोडा, अर्धं डिझेल आणि अर्धं एटीएफ (पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल ऑइल). तीन-चार दिवस तसंच राहू द्या, खाली झिरपलं की पुन्हा घाला. तेवढ्या वेळात रॉकरची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची) कव्हरं काढून दोन्ही व्हॉल्व्ह बघून घ्या. एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर त्या बाजूचा रॉकर सैल लागतो. तसंच इंजिन फिरवलं तर पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी सळई) वाकतो.

इंजिन सुटलं तरी हेड आणि सिलेंडर काढाच. गंजलेल्या रिंगा तशाच फिरवल्या की बोअरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, उभ्या रेघा पडतात. सुटलं नाही तर हेड काढून पिस्टनच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवा आणि लहान हातोडीने चौफेर ठोका. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तेव्हा मात्र ठोकू नका, सगळा मार थेट क्रँकवर जातो.

आणखी एक, यात सगळेच फसतात. या वयाच्या बुलेटमध्ये बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश थ्रेड आहेत. ५/१६ बीएसएफ म्हणजे ७.९४ मिमी जाडी, इंचाला २२ आटे. ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट त्यात दोन आटे सहज जातो आणि मग अडकतो. तिथे जोर केला की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच. म्हणून प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या भोकात अर्धा परत लावून ठेवा. जमणार नसेल तर पुठ्ठ्यावर भागाचं चित्र काढून त्या त्या जागी खोचा.

पैशांची माझी वाटणी: इंजिनला १५ हजार, चाकं आणि ब्रेकला १०, वायरिंग आणि बॅटरीला ५, टाकी-कार्ब्युरेटर-केबलला ४, उरलेले ६ हजार राखीव. रंग त्या राखीवमधून, उरलेच तर. बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलेलं निघालं तर रंग या वर्षी नाही, एवढं आत्ताच ठरवून ठेवा.

---

पेठरोड_१५

इंजिनाला हात लावण्याआधी चेसी नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ट्रेसिंग घ्या. हँडलच्या गळ्यावरचा नंबर आणि इंजिनच्या केसवरचा नंबर, दोन्ही. आरसी बुकाशी एकेक आकडा पडताळा. वरचा एक प्रश्न इथेच सुटतो: फ्रेम सरसकट सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंगला देऊ नका. ब्लास्टिंगने उथळ ठोकलेले आकडे बोथट होतात आणि वरून पावडरचा जाड थर बसला की उरलेलेही भरून जातात. तपासणीला नंबर वाचता आला नाही तर चांगली चालणारी गाडीसुद्धा कागदावर उभी राहत नाही. द्यायचीच झाली तर नंबरच्या जागेवर उष्णता सहन करणारी टेप लावून द्या आणि तो भाग नंतर हाताने रंगवा.

नाशिकचं आरटीओ पेठ रोडला. वारसाच्या नावावर गाडी करायची तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं, त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. जुनं कागदी बुक असेल तर गाडी परिवहन खात्याच्या ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीत दिसते का ते पहिल्यांदा बघा. दिसत नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन कोणताच अर्ज पुढे जात नाही. या एंट्रीला वेळ लागतो. म्हणून इंजिन उघडं असतानाच अर्ज द्या. गाडी तपासणीला नेताना विमा, पीयूसी, हॉर्न, दिवे आणि दोन्ही ब्रेक चालू हवेत. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागेल.

व्हिंटेज नोंदणीच्या फंदात सध्या पडू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तुमची २०२९ ला होतील. शिवाय नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार आहे आणि तशी गाडी रोजच्या वापरात चालत नाही. तुम्हाला चालवायची आहे, तेव्हा साधं नूतनीकरणच बरं.

आरसीवर रंग नोंदलेला असेल तर तोच रंग ठेवा. बदलला तर त्याचीही नोंद करून घ्यावी लागते.

---

गोदाकाठ

टाकी घरी साफ होते, आणि उत्तम होते. सायट्रिक अॅसिड घ्या, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं. तुमची टाकी १४ लिटरच्या आसपास आहे. त्याला ७०० ग्रॅम, म्हणजे पाच टक्के द्रावण. आधी जुनं पेट्रोल काढा. ते वार्निशसारखं चिकट झालेलं असतं, त्याच्यावर अॅसिड काम करत नाही, म्हणून भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने दोनदा धुवा. कॉक काढून भोक रबरी बूच लावून बंद करा. गरम पाण्यात लिंबूफूल विरघळवून टाकी काठोकाठ भरा. काठोकाठ याच्यासाठी, की वरचा भाग उघडा राहिला तर पाण्याच्या रेषेवर गंज जास्त वाढतो. २४ तास ठेवा, मध्येच एकदा टॉर्च टाकून बघा. बाहेरच्या रंगावर द्रावण सांडलं तर लगेच पुसा. जुन्या सोनेरी पट्ट्या वाचवायच्या असतील तर आधी टाकीला मेण चोळून ठेवा.

खरी घाई पुढे आहे. द्रावण ओतून टाकल्यावर मुठभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने विसळा, मग साध्या पाण्याने, आणि तिथून एक मिनिटही थांबू नका. ओल्या, उघड्या लोखंडावर बघता बघता नारिंगी गंज चढतो. हेअर ड्रायर किंवा ब्लोअर टाकीच्या तोंडात धरून पूर्ण कोरडी करा. मग अर्धा लिटर पेट्रोलमध्ये ५० मिली टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि ओतून टाका. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम करू नका. नाशिकच्या पावसाळी हवेत कोरडं करणं जमत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला चांगली.

संडास साफ करायचं अॅसिड वापरायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि त्यातले क्लोराइड शिवणीत राहिले की पुढच्या पावसाळ्यात गंज पुन्हा येतो. टाकीत खडी घालून हलवणंही नको. खडीचे तुकडे आत अडकतात आणि पुढे कॉकमध्ये येतात. गंजाचे पापुद्रे फार असतील तर खडीऐवजी सायकलची जुनी चेन सोडा, ती एका टोकाला तार बांधून ओढून काढता येते.

सफाईनंतर बारीक भोकं उघडी पडली तर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, तो डाग देऊन देईल. न्यायच्या आधी टाकी पाण्याने भरून, ओतून, दोन-तीन दिवस उन्हात उघडी ठेवा. पेट्रोलची वाफ राहिलेल्या टाकीला आच लावणं जीवावर बेततं. आत ओतायचं इपॉक्सी लाइनर मी सुचवणार नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, हलकं लाइनर त्यात सुटतं आणि त्याची कातडी कॉकच्या जाळीवर बसते.

इथेनॉलमुळे आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेट्रोलचा पाइप, कॉकचं सील, फ्लोटची सुई आणि फ्लोट चेंबरचं ओ-रिंग सगळं नवं घाला. जुनं रबर फुगतं आणि चिकट होतं. मिश्रणही पातळ होतं: साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटमध्ये इंजिन सुमारे आठ टक्के पातळ चालणार. आधी सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. तरीही प्लग पांढराफटक येत असेल किंवा कार्ब्युरेटर शिंकत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा. पण आधी इनटेकच्या पॅकिंगमधून हवा ओढत नाही ना ते बघा. तीच लक्षणं तिथूनही येतात आणि जेट मोठे करत गेल्याने ती जात नाहीत.

---

पंचवटीकर

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. क्लच दाबूनही किक गेली नाही, पण रोटरच्या नटावर चार दिवसांनी इंजिन सुटलं. म्हणजे प्लेटाही चिकटल्या होत्या. हेड आणि सिलेंडर काढलं. बोअरला एका बाजूला गंजाचा पट्टा आहे, नखाला लागतो. पिस्टनवर ‘०२०’ कोरलेलं आहे. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढला तर हलत नाही, पण आडवा थोडा डोलतो. एग्झॉस्टचा एक स्टड उपसून आला. दोन्ही नंबरांचं ट्रेसिंग झालं, बुकाशी जुळतात. पुढे काय?

---

सातपूर_लेथ

आडवं डोलणं चालतं, वर-खाली हलणं चालत नाही. पण आधी एक करा. बिग एंडमध्ये दाट जुनं ऑइल असेल तर ते खेळ झाकून टाकतं. डिझेलने नीट धुऊन, रॉड वरच्या टोकाला आणून पुन्हा ओढून बघा. या इंजिनात तिथे फ्लोटिंग बुश आहे, रोलर नाही. तो ऑइलच्या दाबावर जगतो, म्हणून दाब नीट आहे की नाही यावरच तुमचा पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे. क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ कापड भरून ठेवा आणि रॉडला आधार दिल्याशिवाय क्रँक फिरवू नका.

‘०२०’ म्हणजे सिलेंडर आधीच २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढलेला आहे. नखाला लागणारा गंज नुसतं वरवर घासून (ग्लेझ काढून) जात नाही, ३० थाऊला बोअर करावं लागेल. आधी पिस्टन विकत घ्या, मगच सिलेंडर बोरिंगला द्या. बोअर पिस्टन मोजून करतात, नुसत्या नंबरावर नाही. पिस्टनच्या खोक्यावर क्लिअरन्स छापलेलं असेल तर तेच घ्यायचं. नसेल तर स्कर्टच्या खालच्या भागात ०.१० मिमी सांगा. त्याहून घट्ट केलं तर पहिल्याच चढाला पिस्टन धरेल, कारण लोखंडी सिलेंडरमध्ये अॅल्युमिनियमचा पिस्टन जास्त फुगतो. शेवटचं होनिंग करून घ्या. तिरप्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत, त्यात ऑइल थांबतं. रिंग सिलेंडरमध्ये एकटी घालून, पिस्टनने सरळ करून तोंडातली फट मोजा: ०.३० ते ०.४० मिमी. कमी असेल तर बारीक कानशीने घासा.

व्हॉल्व्ह काढून स्टेम गाइडमध्ये हलवून बघा. डोलत असेल तर गाइड बदलून सीट कापून घ्यावी लागेल. ठीक असेल तर घरीच ग्राइंडिंग पेस्ट लावून, सक्शन कप काठीने घासा, एकसारखी राखाडी पट्टी येईपर्यंत. तपासायला व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओता. पाच मिनिटांत बाहेर आलं नाही तर झालं. स्टडच्या जागी आटे गेले असतील तर अंबडला किंवा सातपूरला कुठल्याही जॉब शॉपमध्ये थ्रेड इन्सर्ट टाकून देतील. जाड स्टड ठोकून काम चालवू नका.

आता टायमिंग साइड, म्हणजे इंजिनची उजवी बाजू. तिचं कव्हर उघडल्याशिवाय इंजिन परत बांधायचं नाही. आत पुढे-मागे दोन पंप आहेत, एक फीड (ऑइल देणारा) आणि एक रिटर्न (परत नेणारा), आणि ते क्रँकच्या टोकावरच्या वर्मवर (मळसूत्री गिअरवर) चालतात. वर्मचा नट उलट्या आट्यांचा आहे. हे माहीत नसल्याने क्रँकची टोकं तुटतात. पंपाची डिस्क आणि तिची बैठक काचेवर मेटल पॉलिश लावून घासून सपाट करा. दोन्हींवर सारखा मॅट रंग आला पाहिजे. क्रँकच्या टोकाला ऑइल देणारं छोटं सील कव्हरच्या आत असतं, ते नवं घालाच. किंमत नगण्य आहे, पण ते कडक झालं तर दाब तिथेच सुटतो आणि बिग एंड कोरडा पडतो. ऑइल फिल्टरचा नमदा बदला. स्प्रिंग आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जाऊ द्या, क्रम चुकला तर ऑइल फिल्टरला वळसा घालून जातं.

पॅकिंगला अनाबॉन्ड (सीलंट) लावाल तर पातळ, नखाच्या टोकाएवढंच. जास्तीचं आत पिळून निघतं आणि पंपाच्या भोकात जाऊन बसतं.

गिअरबॉक्समध्ये निव्वळ ९० नंबर गिअर ऑइल घालू नका, त्या बॉक्सला आजच्यासारखी ऑइल सील नाहीत, शाफ्टवरून गळत राहील. पातळ ग्रीस आणि गिअर ऑइलचं मिश्रण घाला. क्लचच्या प्लेटा सोडवून काचेवर सपाट आहेत का ते बघा. सपाट असतील तर पॉलिश पेपर मारून पुन्हा वापरा. प्रायमरी चेनला सगळ्यात ताणलेल्या जागी ६ मिमी ढील.

---

वायरमन_नाशिकरोड

६ चं १२ करू नका. आत्ता तरी नाही. ६ व्होल्टला लोक नावं ठेवतात, पण त्रास बहुतेक वेळा व्होल्टचा नसतो, अर्थिंगचा असतो. ३५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टला ३ अॅम्पिअर घेतो, ६ ला जवळजवळ ६. गंजलेल्या जोडात अर्धा व्होल्ट गळाला तर १२ मध्ये तो कळतही नाही, ६ मध्ये दिवा पिवळा पडतो. तेव्हा वायरिंग नवं करताना मुख्य तारा आणि हेडलाइटची तार २.५ चौरस मिमीची घ्या, बाकी १.५ पुरे. हेडलाइट, टेललाइट आणि इंजिन, प्रत्येकाची स्वतंत्र अर्थ तार बॅटरीपर्यंत आणा. फ्रेमच्या भरवशावर राहू नका. रंग मारल्यावर फ्रेम अर्थ देत नाही, आणि ‘कलरनंतर लाइट गेली’ म्हणतात ते यामुळेच. टेललाइटला ६ व्होल्टचा एलईडी बल्ब घाला, तेवढा भार वाचतो. बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

पॉइंट आणि कंडेन्सर नवे घ्या. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, कॅमच्या उंच जागेवर मोजायची. फट आधी, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नंतर. उलटं केलं तर फट बदलताना टायमिंगही सरकतं.

टायमिंग: पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही पुशरॉड सुटे फिरत असतील तेव्हा. मग इंजिन मागे फिरवा, पुन्हा पुढे आणत वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी थांबा. अॅडव्हान्सची वजनं मिटलेली असली पाहिजेत. एक छोटा ६ व्होल्टचा बल्ब कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि अर्थला जोडा, इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करून, बल्ब ज्या क्षणी पेटतो तिथे आवळा. पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरून सरकवायची जुनी रीतही चालते, पण बल्ब हाताच्या अंदाजावर राहत नाही.

सायकलची तार प्लगच्या भोकातून घालून ०.८ मिमी मोजणं अवघड आहे, भोक तिरपं असल्याने तार पिस्टनवर घसरते. हेड उतरलेलंच आहे तर आत्ताच डेप्थ गेज किंवा व्हर्निअरने पिस्टनवरून मोजा आणि रोटरवर व केसवर खूण करून ठेवा. वरच्या टोकाजवळ पिस्टन फार कमी हलतो. तिथली अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे क्रँकचे तीनएक अंश. तेवढं पुढे गेलं की किक उलटी येते आणि घोटा सुजतो.

---

गोदाकाठ

चाकांबद्दल कोणी लिहिलं नाही. टायर ३.२५-१९, दोन्ही बदला. खोबण चांगली दिसली तरी तडकलेल्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. आरे चाळीस असतात. रिम आतून खाल्ली गेली नसेल तर क्रोमच्या मागे लागू नका. अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा पाण्यात बुडवून घासला तर वरचा गंज निघतो, वर मेण लावा. पुन्हा क्रोम करण्याच्या पैशात अख्ख्या गाडीचे नट-बोल्ट झिंक प्लेटिंग होतात. ते अंबडला किलोवर करून देतात. फक्त स्प्रिंगा, अॅक्सल आणि जास्त ताण घेणारे बोल्ट त्यात देऊ नका. प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनने कडक पोलाद ठिसूळ होतं.

ब्रेक शूचं लायनर बदलताना जुनी धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

मागच्या मडगार्डची सडलेली कड पूर्ण कापून नवा पत्रा जोडा. वरून लांबी भरली तर गंज खालून वाढत राहतो आणि वर्षभरात फुगवटा दिसतो.

रंगाबद्दल पेठरोड_१५ यांच्याशी सहमत. फ्रेमला गंज काढून, इपॉक्सी प्रायमर आणि काळा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, एवढं बास. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक आहे, साधा कापडी मास्क चालत नाही, कार्बन फिल्टरचा लागतो. तो घ्यायचा नसेल तर ते काम बाहेर द्या.

---

पंचवटीकर

पिस्टन आणला, सिलेंडर बोरिंगला दिलाय. एकच प्रश्न राहिला. बांधून झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना ऑइल खरंच फिरतंय हे कसं ओळखू? गाडीला दाबाचा दिवा नाही.

---

सातपूर_लेथ

योग्य प्रश्न विचारलात. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी जुळवा: इंजिन थंड, फट शून्य, पुशरॉड बोटांनी सुटा फिरला पाहिजे पण वर-खाली खेळ नको. क्रँककेसचे ड्रेन प्लग उघडून खाली साठलेलं सगळं काढा. मग २०डब्ल्यू-५० ऑइल घाला, सुमारे दोन लिटर, पट्टीवर बघत. फिल्टरची वाटी बंद करण्याआधी ऑइलने भरा. प्लग काढलेला ठेवून किक मारत राहा. रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा वरचा बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) अर्धा आटा ढिला करा आणि तिथे ऑइल ओलावेपर्यंत किक सोडू नका. भरपूर किका लागतात, पंप कोरडा असतो.

ओलं झालं की बोल्ट आवळा, प्लग लावा, डिकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या जरासा पुढे न्या, सोडा आणि पूर्ण किक मारा. सुरू झाल्यावर थोडा धूर येईल, तो असेंब्लीच्या ऑइलचा आहे. मंद चालू ठेवून तोच बॅन्जो पुन्हा ढिला करा. ऑइल थेंबाथेंबाने, पण सतत यायला हवं. एका मिनिटात दिसलं नाही तर इंजिन लगेच बंद करा. मात्र रॉकरची ही लाइन रिटर्नवरून येते. म्हणजे इथे ऑइल दिसलं की रिटर्न पंप ठीक आहे आणि फीडने टाकलेलं ऑइल परत येतंय, पण बिग एंडपर्यंत नीट पोचतंय याची खात्री फक्त त्या छोट्या सीलवर आणि फीड डिस्कवर आहे. म्हणून ती दोन कामं घाईत करू नका.

पाच-सात मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे नट पुन्हा आवळा, टॅपेट पुन्हा बघा. असं तीनदा. पहिले ५०० किलोमीटर ५० च्या आत, एकाच वेगावर फार वेळ नको. गिरणाऱ्याकडचा मोकळा रस्ता बरा. द्वारका आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला हवा लागत नाही, नवा बोअर तिथे तापतो. कसारा घाट ५०० नंतर. पहिलं ऑइल २५० ला बदला, दुसरं ५०० ला, आणि दोन्ही वेळा काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात बघा. राखाडी झाक चालेल, पिवळ्या धातूचे चमकदार कण दिसले तर बुश झिजतोय. मग इंजिन पुन्हा सुरू न करता टायमिंग कव्हर उघडा.